किलोच्या भावातलं जग



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो ते इतिहासाचे शिक्षक होते. सनावळ्या घोकून घेणाऱ्यांपैकी नव्हते. एखादी वस्तू वर्गात आणायचे, पहिल्या बाकावर ठेवायचे आणि विचारायचे, “हे इथं कसं आलं?” तोच प्रश्न घेऊन मी आज उभा आहे. संयोजकांनी पत्रिकेत ‘नाणकशास्त्र : एक तोंडओळख’ असं भारदस्त नाव छापलंय. मी त्यांना कळवलेला विषय होता ‘भंगारात मिळणारी परदेशी नाणी’. भंगार हा शब्द पत्रिकेवर बरा दिसला नसावा. असो.

तो ढीग तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. आठवडी बाजाराच्या टोकाला जुनी कुलपं, अडकित्ते, पितळी घंटा मांडून बसलेला माणूस असतो, त्याच्या शेजारी गोणपाटावर ओतलेला. काळपट, हिरवट, तांबूस. “कसं दिलं?” विचारलं की उत्तर ठरलेलं : एक घेतलं तर दहा-वीस रुपये, मूठभर घेतलीत तर कमी करू, सगळं उचलणार असला तर किलोवर लावतो. आणि वर, “घ्या की पावणं, शिवाजी महाराजांच्या काळातलं हाय.” हातात घेऊन बघावं तर त्यावर इंग्लंडच्या राणीचं डोकं!

आता या ढिगाबद्दल पहिली गोष्ट. हा ढीग चाळून उरलेला आहे. त्यात सोनं नसतं, सहसा चांदीही नसते. सोनं कधीच गुजरीत सराफांकडं गेलेलं असतं आणि चांदी हुपरीच्या भट्टीत उतरून कुणाच्या तरी पैंजणात वाजत असते. ज्याला सराफानं हात लावला नाही ते ढिगात उरतं. म्हणजे काय उरतं? तांबं, पितळ, निकेल, जस्त, आणि आपण ज्याला ‘जर्मन’ म्हणतो ते अ‍ॅल्युमिनियम. गरिबाच्या खिशातला खुर्दा. शिपायाचा, खलाशाचा, हाजींचा, निर्वासिताचा. राजेलोकांच्या नाण्यांवर पुस्तकं आहेत, लिलावाचे कॅटलॉग आहेत. या खुर्द्याचा इतिहास मात्र त्या गोणपाटावरच पडलेला आहे, आणि तो वाचायला पैसे लागत नाहीत. डोळे लागतात.

कुणी म्हणेल, आपलं कोल्हापूर हे काही बंदर नाही. समुद्र घाटाखाली राहिला. इथं जगभरची नाणी यायचं कारण काय?

कारण जग इथं फार पूर्वीच येऊन गेलंय. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. याच ब्रह्मपुरीतून मिळालेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती आपल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. रोमन जगात ओतलेली मूर्ती घाट चढून आपल्या नदीकाठी आली! सीपीआर रुग्णालयात नातेवाइकाचा डबा घेऊन जाताना आपण त्या इमारतीसमोरून शेकडो वेळा जातो. आत किती जण गेलात, हे मी हात वर करायला लावून विचारणार नाही.

त्याच मातीतली दुसरी वस्तू म्हणजे कुर राजांची नाणी. साधारण अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची. एका बाजूला बाण लावलेलं धनुष्य, त्याभोवती ब्राह्मीत राजाचं नाव, म्हणजे वासिठीपुत विळिवायकुर किंवा गोतमिपुत विळिवायकुर असं. दुसऱ्या बाजूला कमानींवर कमानी रचलेली टेकडी आणि कठड्यातलं झाड. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहिणारा टॉलेमी ‘बालेओकुरोस’ नावाच्या राजाच्या राजधानीचा उल्लेख करतो, आणि हा बालेओकुरोस म्हणजे आपला विळिवायकुर असं बऱ्याच अभ्यासकांनी मानलंय. ही नाणी कशाची आहेत? बरीचशी शिशाची! शिसं म्हणजे भंगारवाल्याच्या दृष्टीनं जाळ्याला लावायचं वजन. अशी किती नाणी वितळली असतील याचा हिशोब कुणीच देऊ शकत नाही.

पुढं या. सभासदानं बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याची यादी दिलीय. ती वाचताना मला नेहमी मौज वाटते, कारण तो खजिना म्हणजे सरमिसळच आहे. गंबार आहेत, मोहरा आहेत, पातशाही होन आहेत, खुद्द शिवराई होन आहेत, विजयनगरच्या राजांच्या नावाचे अच्युतराई आणि देवराई होन आहेत, आणि पुतळ्या आहेत. पुतळी म्हणजे व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं, साडेतीन ग्रॅमचं. त्यावर एका बाजूला त्यांच्या संतापुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या घेऱ्यात उभा येशू ख्रिस्त. ती नाणी कान लावून आपल्या बायकांनी गळ्यात घातली, आणि आपल्या सोनारांनी पुढं त्याच मापात लक्ष्मी आणि रामसीता ठोकल्या. म्हणजे ज्याला आपण खास मराठमोळा पुतळी हार म्हणतो त्याचं मूळ पार इटलीत! खजिनदाराला तरी हे सगळं ओळखावंच लागत होतं. कुठला होन किती कसाचा, कुठला घ्यायचा आणि कुठला बट्ट्यानं घ्यायचा, ही पारख त्याच्या पोटापाण्याची होती. आपल्या पन्हाळ्यावर पडलेला शंभूपीरखानी रुपया बाजारात आला तेव्हाही शेजारी दहा गावचे रुपये होतेच. एकच देश, एकच रुपया ही गोष्ट आपल्या सवयीची झालीय म्हणून ढीग पाहिला की आपण गोंधळतो. आपले पणजोबा गोंधळले नसते.

आता दुसरी गोष्ट. ती जरा कडू आहे, म्हणून आधीच उरकतो. या ढिगात खोटं भरपूर असतं.

सगळ्यात जास्त काय सापडतं, तर एका बाजूला इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आणा, १८१८’ आणि दुसऱ्या बाजूला मारुती, नाहीतर रामदरबार. मला एकच सांगा. १८१८ साली कंपनी सरकारनं पेशवाई बुडवली. त्याच वर्षी साहेबाला अशी काय भक्ती दाटून आली की त्यानं मारुतीचा अर्धा आणा पाडावा? असं नाणं कंपनीनं कधीही काढलेलं नाही. त्या सुमाराला मुंबई इलाख्यातल्या कंपनीच्या तांब्याच्या पैशावर तराजू असायचा आणि पारड्यांच्या मध्ये फारसीत ‘अदल’ लिहिलेलं असायचं. मारुतीचा अर्धा आणा हा अलीकडं साच्यातून काढलेला माल आहे. देवघरात ठेवायचे रामटंके वेगळे. ते पूजेसाठीच केलेले असतात आणि कुणाला फसवायला निघालेले नसतात. हे मारुतीचे अर्धे आणे मात्र फसवायला निघालेत.

आणि यातूनच तो ‘राईस पुलर’चा धंदा निघाला. तांब्याचं जुनं नाणं तांदूळ ओढून घेतं, त्यात म्हणे दैवी शक्ती असते, परदेशी कंपनी कोटीत घेते, फक्त तपासणीसाठी आधी काही लाख भरा! पोलिसांत गुन्हे दाखल होतात, पेपरात बातमी येते आणि पुढच्या महिन्यात नवा बकरा तयार असतो. मोबाइलवर येतं तेही याच घराण्यातलं : अमुक देवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की जुनी नाणी आणि नोटा यांच्या व्यवहारात आमचं नाव वापरून कुणी शुल्क किंवा कमिशन मागत असेल तर आमचा त्याच्याशी संबंध नाही. रिझर्व्ह बँकेला एवढं सांगावं लागतं म्हणजे मासे किती लागत असतील बघा.

म्हणून माझी विनंती आहे, नाणं हातात आलं की “याचे किती येतील?” हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तो प्रश्न आला की डोकं चालायचं थांबतं. बहुतेक नाण्यांचे दहा-वीस रुपयेच येतील, झालं समाधान? आता बघायला लागू.

बघायचं कसं? हत्यारं फार लागत नाहीत. एक भिंग, सोनाराकडं असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक. हो, पंचगंगेच्या पुलावरून पोरं नदीत सोडतात तेच. पोरांच्या चुंबकाला आपले अलीकडचे स्टीलचे रुपये, आठाणे चिकटतात, तांब्याचा ढबू पैसा चिकटत नाही. पोरांना हे माहीत असतं, आपण विसरतो. चांदी चुंबकाला कधीच चिकटत नाही. तेव्हा ‘चांदीचा डॉलर’ म्हणून कुणी काही पुढं केलं आणि ते टपकन चिकटलं, तर पुढचं बोलणं थांबवायला हरकत नाही.

डॉलरवरून आठवलं. ढिगात एक मोठं पांढरं नाणं हमखास असतं : त्रिशूळ घेऊन उभी असलेली ब्रिटानिया, मागं चिनी आणि मलायी अक्षरं. हा ब्रिटिशांचा व्यापारी डॉलर, पूर्वेकडच्या बंदरांत चालायचा. अस्सल नाण्याचं वजन २६.९५ ग्रॅम. काट्यावर ठेवा. वीस-बावीस भरलं की समजा, गिलीट दिलेलं लोखंड नाहीतर पितळ. आणि अस्सल निघालं तर भिंग घेऊन त्रिशुळाचं मधलं टोक बघा. तिथं बारीक ‘बी’ दिसला तर ते नाणं पडलंय मुंबईत! चीनच्या किनाऱ्यावर हिंडणारा डॉलर आपल्या फोर्टातल्या टाकसाळीतला. अशी बरीच परदेशी नाणी मुंबईचीच लेकरं आहेत. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या पेन्या मुंबईत पडल्या, पूर्व आफ्रिकेचे शिलिंग पडले. त्यांच्यावर इंग्रजी ‘आय’ हे अक्षर शोधा. मारिया थेरेसाचा टोलेजंग चांदीचा थॅलरही त्या काळात मुंबईत पडला. ही बाई ऑस्ट्रियाची सम्राज्ञी, १७८० साली वारली. पण अरबस्तानात आणि हबसाणात लोकांचा विश्वास तिच्याच नाण्यावर, म्हणून ते आजवर १७८० हेच साल घालून पाडत आलेत. १७८० लिहिलेलं नाणं १९४० नंतर मुंबईत जन्मलेलं असू शकतं. साल वाचलं म्हणजे वय कळलं, असं नव्हे.

आणि साल वाचणं हीच खरी गंमत आहे. आपली पहिली ठेच लागते ती अरबी आकड्यांना. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात इंग्रजी ‘व्ही’सारखा आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मा ढीग बोलायला लागतो. मग साल कुठलं ते बघायचं. हिजरी असेल तर त्यातले शेकडा तीन वजा करा आणि ६२२ मिळवा. सौदी अरबस्तानचं तांबे-निकेलचं किर्श घ्या. त्यावर साल आहे १३५६. त्यातून तीन टक्के, म्हणजे साधारण ४१, वजा केले की १३१५. त्यात ६२२ मिळवले की १९३७. हे नाणं आपल्याकडं बऱ्यापैकी सापडतं आणि त्यातल्या कित्येकांवर नंतर ठोकलेला अरबी ६५ आकडा असतो, म्हणजे हिजरी १३६५ साली मारलेला शिक्का. ते आलं कसं? आगबोटीनं मक्केला जाऊन आलेल्या कुणा आजोबांच्या अंगरख्याच्या खिशातून आलं असावं. इराणच्या नाण्यावर २५३५ साल दिसलं तर घाबरू नका, ते भविष्यातून आलेलं नाही. १९७६ साली शहानं एकाएकी कालगणना बदलून पार सायरस राजापासून वर्षं मोजायला सुरुवात केली. दोन वर्षांत गुंडाळावी लागली, पण नाणी मागं राहिली. थायलंडच्या सालातून ५४३ वजा करा. नेपाळच्या सालातून ५७.

नेपाळचं नाव निघालं म्हणून सांगतो, आपली सगळ्यात मोठी फसगत आपलीच लिपी करते. देवनागरी दिसली की आपल्याला वाटतं, आपलंच आहे. नेपाळचा पैसा कितीतरी घरांत ‘पेशवेकालीन’ म्हणून जपून ठेवलेला आहे. बडोद्याच्या गायकवाडांची नाणी देवनागरीत, कच्छच्या नाण्यांवरही देवनागरी. आणि मेवाडचा रुपया हातात आला तर तो जरूर वाचा. एका बाजूला ‘चित्रकूट उदयपुर’ आणि दुसऱ्या बाजूला चक्क ‘दोस्ति लंधन’. लंडनचे दोस्त! मांडलिकपण इतक्या गोड शब्दांत सांगणारं दुसरं नाणं मला माहीत नाही. आपल्या संस्थानिकांवर काही बोलायला नको, सभागृह कोल्हापुरात आहे.

रोमन लिपीचा त्रास वेगळा. लोक आपल्या देशाला आपल्या भाषेत हाक मारतात, आपल्या शाळेच्या भूगोलातल्या नावानं नाही. हेल्वेतिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड, मज्यार दिसलं की हंगेरी. पूर्व आफ्रिकेचं भोकाचं दहा सेंटचं नाणं मिळालं तर साल बघा. १९३६ असेल आणि नाव आठव्या एडवर्डचं असेल तर जपून ठेवा. महाग नाही, पण मजेचं आहे. या राजानं वर्षभरसुद्धा राज्य केलं नाही. एका बाईपायी गादी सोडली. त्याच्या मायदेशात त्याच्या चेहऱ्याचं नाणं बाजारात यायच्या आतच तो गेला. पण मोंबासाच्या बाजारात त्याचं नाव फिरत राहिलं. त्याच मोंबासात १९२० पर्यंत आपला रुपया चालायचा, हेही जाता जाता.

आता मी जरा थांबून दोनच नाणी जवळून दाखवणार आहे. मागच्यांना दिसणार नाही, पण ऐकू येईल. (इथं वक्त्यानं टेबलावर दोन नाणी एकामागून एक टाकली. – संपादक)

ऐकलंत? पहिलं खणखणीत वाजलं, दुसरं बद्द. दोन्ही नाणी पोलंडची. दोन्ही वीस ग्रोशींची. दोन्हींवर डोक्यावर मुकुट असलेला गरुड, दोन्हींवर ‘झेच्पोस्पोलिता पोल्स्का’, दोन्हींवर साल १९२३. आकार तोच, छाप तोच. फरक कशात? धातूत. पहिलं निकेलचं आहे आणि चुंबकाला चिकटतं. दुसरं जस्ताचं आहे, चिकटत नाही, रंगानं राखाडी आणि मेलेलं. निकेलचं नाणं स्वतंत्र पोलंडचं. जस्ताचं नाणं जर्मनांनी पोलंड गिळल्यावर, १९४१ ते ४४ च्या दरम्यान, जुन्याच छापानं आणि जुनंच साल घालून पाडलेलं. निकेल तोफांना लागत होतं, लोकांच्या हातात जस्त ठेवलं.

आणि याचा कोल्हापूरशी काय संबंध, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्यात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, बालवीर होते. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि तिकडं वॉर्सातही वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. ही माणसं मुळात पूर्व पोलंडची. १९४० आणि ४१ मध्ये रशियनांनी त्यांना घरातून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मनी रशियावर उलटला तेव्हा त्यांना सोडण्याचा करार झाला. १९४२ मध्ये ती कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली, तिथून कराची, आणि कराचीहून आपल्याकडं.

आता हा प्रवास त्या दोन नाण्यांशेजारी ठेवा. निकेलचं नाणं कुणाच्या तरी पदराच्या गाठीत किंवा मुलाच्या खिशात सैबेरिया आणि इराण करून वळिवड्याला आलेलं असू शकतं. जस्ताचं नाणं त्या माणसांकडं असू शकत नाही. ते पडायच्या आधीच त्यांचं घर सुटलं होतं! आणि तिसरं एक नाणं ढिगात असतं, ते १९४९ चं. त्यावरचा गरुड बोडका आहे, कम्युनिस्ट सरकारनं त्याचा मुकुट काढला. तो परत चढला १९९० मध्ये. बोडक्या गरुडाचाही वळिवड्याशी संबंध नाही, कारण तोवर छावणी उठली होती. एक चुंबक, एक मुकुट आणि थोडा इतिहास, एवढ्यावर तीन नाण्यांतली दोन बाजूला झाली.

उरलेलं एक वळिवड्याचंच, असं मी छातीठोकपणे सांगतो का? नाही. ते मुंबईच्या एखाद्या छंदिष्टाच्या पाकिटातूनही आलेलं असेल. विकणाऱ्याला विचारलं, “हे कुठून आलं?” तो म्हणाला, “भंगारातनं.” तिथं धागा तुटला. छावणी उठल्यावर तिथं सिंधी निर्वासित आले आणि वळिवड्याच्या शेजारी गांधीनगर वसलं. दोन फाळण्यांची माणसं त्याच बराकींतून राहून गेली. त्या जागेतल्या एखाद्या डबीत हे नाणं सापडलं असतं आणि कुणी दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर ते संग्रहालयात ठेवण्याच्या लायकीचं होतं. आता ते वीस रुपयांचं आहे.

बिल्ल्यांबद्दल थोडक्यात सांगतो, घड्याळाकडं अध्यक्षांचं लक्ष आहे. नाणं आणि बिल्ला यांतला फरक सोपा : बिल्ल्यावर राज्याचं नाव नसतं. त्याची सत्ता एका दारापुरती. गिरणीच्या कॅन्टीनचा, चहाच्या मळ्यातला मजुरीचा, सायकल स्टँडचा, देवळाबाहेर चपला ठेवल्या की मिळणारा पितळी नंबराचा. जुने संग्राहक यांना नाक मुरडतात. मला विचाराल तर कामगारांचा इतिहास लिहायचा असेल तर रुपयांपेक्षा हेच जास्त कामाचे. परदेशी बिल्ल्यांत माझा लाडका इटलीचा टेलिफोनचा बिल्ला, जेत्तोने. अंगावर खाचा असलेला. त्यावर चार आकडे असतात, लोकांना वाटतं अनुक्रमांक. ७६०७ म्हणजे १९७६ चा जुलै महिना! त्या काळात इटलीत सुट्ट्या पैशांचा इतका दुष्काळ पडला की हाच बिल्ला दुकानात पैशासारखा चालू लागला. सुट्ट्यांचा दुष्काळ आपल्यालाही नवा नाही. १९४३ मध्ये तांबं वाचवायला सरकारनं मधोमध भोक पाडलेला पैसा काढला, तर लोकांनी तो वॉशर म्हणून लावला असं जुनी माणसं सांगतात. लाल दोऱ्यात ओवलेली चौकोनी भोकाची चिनी नाणी मात्र बहुतेक वास्तुदोष घालवायला केलेली, नवी आहेत. दोष गेला की नाही ते तुम्ही सांगा.

आता शेवटचं, आणि हे घरी न्यायचं आहे.

नाणं पितांबरीनं घासू नका. चिंचेत टाकू नका. दीडशे वर्षांत चढलेली काळी कळा तुम्ही पाच मिनिटांत उतरवता आणि सोबत अक्षरंही उतरतात. साध्या पाण्यात भिजवा, मऊ कापडानं टिपा, बस्स. नाणं नेहमी कडेला धरा. शेत नांगरताना, पाया खणताना काही सापडलं तर ते तुमचं नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांवरच्या किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये ही मर्यादा १८७८ ची आहे, आज दहा रुपयांत कटिंग चहा येतो. पण कायदा कायदा आहे. शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि आपल्याला ते देशाबाहेर नेता येत नाही, हेही अमेरिकेतल्या भाच्याला भेट देण्यापूर्वी ध्यानात असू द्या. आणि नाण्यांचा नेटका अभ्यास करायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, फार लांब जायला नको.

पण सगळ्यात महत्त्वाचं हे की आजोबांच्या ट्रंकेतली, आजीच्या मिसळणाच्या डब्यातली ती पुरचुंडी भंगारात घालण्यापूर्वी एक चिठ्ठी लिहा. आजोबा मराठा पलटणीत होते की गोदीत, हजला गेले की आफ्रिकेत दुकानात होते, कुठल्या साली परतले. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा, कारण हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. चिठ्ठी नाण्यांसोबत पाकिटात घाला, वर गावाचं नाव आणि तारीख घाला. विकायची असतील तर खुशाल विका, पण चिठ्ठीसकट विका. आणि ज्यांच्या घरी वळिवड्याच्या छावणीतलं काही असेल, नाणं, बटण, फोटो, काहीही, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटल्याशिवाय जाऊ नये.